जुन्या गाडीसाठी घासाघीस नाही

वार बुधवार, मे महिन्याचा मध्य. सकाळची हजेरी नुकतीच संपलेली. पोलीस ठाण्यात हजर: प्रभारी अधिकारी म्हणून मी, ठाणे अंमलदाराच्या खुर्चीत एक जुने हवालदार, वायरलेसवर एक शिपाई, एक महिला हवालदार. बाकीचे बंदोबस्तावर किंवा रजेवर. बाहेरच्या बाकावर डोंगरातल्या वाडीचा एक माणूस आणि त्याची भावजय.

नोकरीतले बरेच तपास आता माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळतात. त्या सकाळपासून सुरू झालेला तपास मात्र वेगळा उरला आहे. खटला चालू असल्यामुळे आणि त्यातली माणसे याच भागात राहत असल्यामुळे कोणाचेही नाव देत नाही.

तो माणूस तक्रार द्यायला आलेलाच नव्हता. त्याला एका दवाखान्याचा पत्ता हवा होता.

हकिगत अशी. त्याची बायको आणि भावजय रविवारी करवंदे विकायला पळसदरीच्या रस्त्यावर बसल्या होत्या. शनिवार-रविवारी धरण बघायला येणाऱ्या गाड्या तिथे थांबतात आणि पानांच्या द्रोणांतली करवंदे संध्याकाळपर्यंत संपतात. दिवस मावळताना दोघी वाडीकडे निघाल्या. बायको पुढे, भावजय थोडी मागे. एका पांढऱ्या गाडीने बायकोला उडवले. गाडी थांबली. चष्मा लावलेला एक मोठा माणूस उतरला. त्याने स्वतःच्या हाताने तिला उचलून मागच्या सीटवर झोपवले, भावजयीला सांगितले की खोपोलीला दवाखान्यात नेतो, तुम्ही घरच्यांना घेऊन या. आणि गाडी गेली.

घरचे रात्रीच खोपोलीला पोचले. तिथे अशी बाई आलेली नव्हती. मग कर्जत. मग पनवेल. प्रत्येक ठिकाणी खिडकीवर एकच प्रश्न, प्रत्येक ठिकाणी मान नकारार्थी.

हवालदारांनी त्याला जरा दरडावूनच विचारले, "इतके दिवस काय करत होतास रे? रविवारीच यायचं नाही का?"

"दवाखाने करत व्हतो, सायेब. ती दवाखान्यात हाय असंच धरून चाललो. पोलिसात कशाला यायचं? तो सायेब भला मानूस व्हता. सोताच्या हातानी उचलली तिला." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तुमी फकस्त दवाखाना सांगा. बाकी आमी बगतो."

 हवालदार पेन उघडून लिहायला लागले.

अपघात करून पळणारे ठाण्याला नवीन नसतात. हा पळालेला नव्हता. हा थांबला होता, उतरला होता, गोड बोलला होता आणि जखमी बाईला घेऊन गेला होता. अशी केस मी तोवर हाताळलेली नव्हती. बाई जिवंत असेल, कुठल्यातरी खाजगी दवाखान्यात बिननावाची पडून असेल, ही शक्यता धरून आम्ही कामाला लागलो.

माझी कामाची पद्धत सरळ आहे. आधी यादी, मग माणसे, मग वेळ. बाई बेपत्ता असल्याची नोंद केली, अपघाताचा गुन्हा नोंदवला. घटनास्थळाचा पंचनामा केला: चेंगरलेली करवंदे, एक टोपली, दिव्याच्या काचेचे तुकडे, ब्रेकच्या खुणा नाहीत. कर्जत, खालापूर, पनवेल या तिन्ही तालुक्यांतले दवाखाने माणसे पाठवून तपासले. रस्त्यावरच्या एका हॉटेलच्या कॅमेऱ्यात पांढऱ्या गाड्या दिसल्या, पण रविवारच्या संध्याकाळी त्या रस्त्यावर पांढऱ्या गाड्यांना तोटा नसतो आणि अंधारात नंबर वाचता येत नव्हते. सगळ्या गॅरेजना आणि शोरूमना नोटीस दिली की समोरून फुटलेली पांढरी गाडी दुरुस्तीला किंवा विकायला आली तर ताबडतोब कळवावे.

नोटिशीला उत्तर आले नाही. नवरा मात्र येत राहिला. सकाळी यायचा, बाकावर बसायचा, कोणी विचारले तर म्हणायचा, "काय नाय, बसलोय." आमची महिला हवालदार त्याला चहा द्यायची. तो अर्धा प्यायचा.

असे दोन आठवडे गेले आणि खोपोलीच्या शिळफाट्याच्या पुढे हायवेवर असलेल्या एका शोरूममधून फोन आला. बोलणारी बाई तिथे जुन्या गाड्या बदलून घेण्याचा विभाग सांभाळत होती.

"सर, तुमच्या नोटिशीत समोरून फुटलेली गाडी असं लिहिलंय. आमच्याकडे आलेली फुटलेली नाहीये. ती फारच चांगली आहे. म्हणूनच फोन केला."

मी म्हणालो, नीट सांगा. ती म्हणाली, गिऱ्हाईकाने भाव न करता देऊन टाकली, बाकीचे फोनवर नको, तुम्ही या, आणि आजच या, कारण संध्याकाळी दलाल ती गाडी उचलून नेणार आहे.

जाताना जीपमध्ये हवालदारांना एवढेच सांगितले होते की कोणीतरी जुनी गाडी भाव न करता देऊन टाकली आहे. ते म्हणाले, "साहेब, भाव केला नाही म्हणून आत घ्यायचं तर आधी माझ्या सासऱ्याला घ्या. म्हैस देऊन आले आणि वर दावंही देऊन आले."

शोरूममधली बाई तिशीतली, चटपटीत, शब्द वाया न घालवणारी. तिने आम्हाला मागच्या यार्डात नेले. रांगेत उभ्या जुन्या गाड्यांत ती पांढरी गाडी कोपऱ्यात वेगळी लावलेली होती. तिथेच उभ्याने तिने सौद्याची हकिगत सांगितली. तिचा जबाब पुढे रीतसर नोंदवला. इथे त्याचा सारांश देतो, कारण सगळा तपास त्या सौद्यावर फिरला.

जुनी गाडी देऊन नवी घ्यायला जोडपे आले, की नव्या गाडीचा सौदा लवकर होतो. तिची किंमत छापलेली असते, फार तर चटया, विमा, चाकांमागचे मडफ्लॅप यांवर ओढाताण होते. खरे भांडण जुन्या गाडीवर. शोरूमवाले मुद्दाम खालचा भाव सांगतात. गिऱ्हाईकाला राग येतो. मग तो गाडीत घातलेली एकेक नवी वस्तू मोजून दाखवतो: टायर मागच्या दिवाळीला टाकले, बॅटरी वॉरंटीत आहे, क्लच नुकताच केला. आदल्याच आठवड्यात एक गृहस्थ वायपरचे रबर नवे आहे म्हणून चहा थंड होईपर्यंत भांडले होते.

ही पांढरी गाडी घेऊन आलेले जोडपे कर्जतचे, भिसेगावचे. माणूस पन्नाशी ओलांडलेला, बोलायला मृदू. नव्या गाडीसाठी तो पक्का घासाघीस करणारा निघाला. चटया फुकट घेतल्या, विमा कमी करून घेतला, मडफ्लॅपवर तर अडूनच बसला. शेवटी शोरूम भेट म्हणून देते ती डॅशबोर्डवरची गणपतीची मूर्तीही मागून घेतली. मग जुनीची वेळ आली. पाहणी करणाऱ्याने गाडी बघितली, बाईने नेहमीप्रमाणे खालचा भाव सांगितला आणि भांडणाची वाट बघत बसली.

तो म्हणाला, "ठीक आहे."

त्याच्या बायकोला धक्काच बसला. "ठीक आहे काय, अहो? पुढचं बॉनेट नवं, एक दिवा नवा, सीट कव्हरं तर परवा घातली. ते नको का धरायला?"

"असू दे गं. जुनी ती जुनीच."

"कोथिंबिरीच्या जुडीसाठी अर्धा बाजार पालथा घालता आणि इथे असू दे?" मग ती शोरूमच्या बाईकडे वळली. "तुम्ही लिहा हो. बॉनेट, दिवा, सीट कव्हरं."

त्याने बायकोच्या दंडाला धरून तिला उठवले आणि तो सहीला कागद मागू लागला.

"सर, नवं टाकलेलं लपवणारं गिऱ्हाईक मी आजपर्यंत पाहिलं नव्हतं," ती बाई मला म्हणाली. "मोडलेलं सगळेच लपवतात. रात्री तुमची नोटीस आठवली. दलाल सकाळीच आला होता, त्याला सांगितलं की कागद अडकलेत."

तिच्या एका खोट्या सबबीने पुरावा वाचला. दलालाच्या हाती गेलेली गाडी धुऊन, रंगवून दुसऱ्या जिल्ह्यात विकली जाते.

दोन पंचांसमोर गाडीची तपासणी केली. न्यायवैद्यक प्रयोगशाळेचे लोक आले. मागच्या सीटचे नवे कव्हर काढले. खालचा फोम कोणीतरी धुतलेला होता, पण पाठ आणि बैठक जिथे जुळतात त्या खाचेत पाणी पोचले नव्हते. तिथे डाग होता. नमुने सीलबंद करून पाठवले, गाडी मुद्देमाल म्हणून जप्त केली.

अहवाल यायला वेळ लागणार होता. मला मात्र त्या बाईचा ठावठिकाणा त्याच दिवशी हवा होता. गाडीमालकाला चौकशीला बोलावले. आमच्या गावातल्या जुन्या, मानाच्या घरातला माणूस. पेशाही असा की लोक रस्त्यात थांबून नमस्कार करतात. इस्त्रीचा शर्ट घालून आला. मला म्हणाला, "काय सेवा करू?"

अशा माणसाला अपघाताबद्दल थेट विचारले तर तो वकील मागतो. मी अपघाताचे नाव काढले नाही. फक्त गाडीच्या सौद्याबद्दल विचारत राहिलो. नवी गाडी कोणती घेतली? रंग कोणता? मडफ्लॅप मिळाले का? तो खुलला. मडफ्लॅप कसे मिळवले ते रंगवून सांगितले. जुनीला काय भाव आला, विचारले. थोडा कमीच आला, म्हणाला.

"बॉनेट नवं आहे हे सांगितलं नाहीत?"

"लक्षात राहिलं नाही."

"बाईसाहेबांनी आठवण करून दिली होती."

 तो म्हणाला, म्हैस आडवी आली होती, ओळखीच्या गॅरेजमध्ये काम करून घेतले, त्यात काय सांगायचे.

"म्हैस आडवी आली तर बॉनेट बदलावं लागतं, बरोबर. सीट कव्हरं का बदलली?"

"जुनी झाली होती."

"विकायच्या गाडीची?"

"तेव्हा विकायची ठरली नव्हती."

"कधी ठरली?"

"कव्हरं घातल्यावर."

"म्हणजे नवी कव्हरं घालूनही त्या गाडीत बसवेना?"

त्याने दोन्ही हात टेबलावर ठेवले.  हवालदार काही बोलायला लागले, मी खुणेने थांबवले. मग तो म्हणाला, "ती शिळफाट्यापर्यंत बोलत होती."

पुढचे सगळे त्याने न विचारता सांगितले. पळसदरीच्या एका फार्महाऊसवर जेवण होते, तिथे तो प्यायला होता. बाईला उचलले तेव्हा खरोखर दवाखान्यातच न्यायचे होते, असे तो शपथेवर म्हणाला, आणि मला आजही ते खरे वाटते. ती मागे सतत काहीतरी बोलत होती. तिची भाषा वाडीतल्या लोकांची आपसातली, त्याला कळत नव्हती. खोपोलीच्या दवाखान्याच्या फाटकाशी पोलिसांची गाडी उभी दिसली. एखादा जखमी आणला की तिथे ती उभी असतेच. आपल्या तोंडाला वास आहे, हे त्याला आठवले. तो फाटकावरून पुढे गेला. तोवर तिचे बोलणे थांबले होते. मेली असे समजून तो जुन्या घाटरस्त्याने वर चढला आणि एका वळणावर उतारात तिला सोडून आला.

"हात लावून बघितलंत का, मेली होती का ते?"

"नाही," तो म्हणाला. "हिंमत झाली नाही."

पोलिसांपुढे दिलेली कबुली न्यायालयात चालत नाही. पण आरोपीने स्वतः दाखवलेल्या जागी काही सापडले, तर तेवढे चालते. म्हणून पंच बोलावून निवेदन पंचनामा केला आणि लगेच घाटात गेलो. ओळख पटवायला नवऱ्याला बरोबर घ्यावे लागले. दवाखाना सापडला का, असे त्याने जीपमध्ये बसताना विचारले. मी त्याला तिथेच, ठाण्याच्या आवारात, खरे सांगितले. तो उतरून खाली बसला. मग उठून पुन्हा जीपमध्ये बसला.

आरोपीने दाखवलेल्या वळणाखाली ती नव्हती. गवत दबलेले होते. एक हिरवी बांगडी फुटून पडलेली होती. मी आरोपीकडे बघितले, तो जागा हीच म्हणत राहिला. तेव्हा नवरा पुढे झाला. तो जमिनीकडे बघत खाली उतरायला लागला आणि आम्ही त्याच्या मागे. मुरूम कुठे घसरला आहे, झुडपाची फांदी कुठल्या अंगाला मोडली आहे, एवढेच तो बघत होता. उताराच्या तळाशी ओढा आहे. मे महिन्यात त्यात डबक्यापुरते पाणी असते. त्या पाण्याच्या अलीकडे ती सापडली.

उन्हात इतके दिवस गेलेले. ओळख लुगड्यावरून आणि हातातल्या बांगड्यांवरून पटली. पदर फाडून तिने आपल्या मांडीला बांधला होता. गाठ पक्की होती.

नवरा म्हणाला, "जिती व्हती." कोणाला उद्देशून नव्हे. "हितवर आपल्या पायानं आली. पान्याकडं आली."

 आरोपी वळणावरच बसून राहिला, खाली आला नाही. मी मरणोत्तर पंचनामा लिहायला घेतला. असे क्षण मी लिहिण्यात घालवतो, तीही एक सवयच.

नवऱ्याने बसल्या जागेवरून मला विचारले, "गाडीत ती काय बोलत व्हती?"

त्याला कोणी सांगितले होते, ठाऊक नाही. ठाण्यात भिंतींनाही कान असतात. मी म्हणालो, त्याला तुमची बोली कळत नव्हती.

"कळली नाय तरी ऐकली असंल. आवाज तरी ऐकला असंल. कुनाचं नाव घेतलं असंल. इचारा की त्याला."

मी वर जाऊन आरोपीला विचारले. त्याने मान हलवली. आठवत नाही, म्हणाला. रिमांडमध्ये पुन्हा विचारले. तोवर त्याचा वकील आला होता आणि त्याने तोंड मिटले होते.

चौकशीच्या दुसऱ्या दिवशी आरोपीची बायको ठाण्यात आली. नवरा सोडा, असे ती म्हणाली नाही. जबाब दिला आणि उठताना विचारले, "त्या शोरूममध्ये मीच बोलले ते, हो ना?" मी हो म्हणालो. "चार पैसे वाढावेत म्हणून बोलले हो मी," ती म्हणाली आणि गेली. ठरवलेली नवी गाडी त्यांनी पुढे घेतली नाही.

प्रयोगशाळेचा अहवाल जुळला. दोषारोपपत्रात निष्काळजीपणाबरोबर सदोष मनुष्यवधाचेही कलम लावले. त्यासाठी वरिष्ठांशी वाद घालावा लागला. माझा मुद्दा एकच होता. धक्का लागणे हा अपघात होता. फाटकावरून पुढे जाणे हा निर्णय होता. आरोपीला पुढे जामीन मिळाला. खटला अजून उभा आहे.

या केसने मला काय शिकवले, असे तरुण अधिकारी विचारतात. माणूस कशासाठी भांडतो, ते सगळेच बघतात. ज्याच्यासाठी भांडायला हवे होते तिथे तो गप्प का बसला, ते बघावे. ही एक गोष्ट. दुसरी मला जास्त छळते. गुन्हेगार म्हणजे काही वेगळ्या मातीचा माणूस, असे वाचक समजतात. हा माणूस थांबला होता. उतरला होता. त्याने जखमी बाईला उचलले होते. दवाखान्याच्या फाटकापर्यंत तो तुमच्या-माझ्यापेक्षा बरा माणूस होता. त्या फाटकापाशी त्याने एकदा हिशेब केला आणि तो बदलला. प्रत्येक माणसाचे असे एखादे फाटक असते, आणि आपले कुठे आहे हे आधी कळत नाही.

निवृत्तीच्या वेळी मी हातातल्या कामांची यादी करून पुढच्या अधिकाऱ्याला दिली. या केसमधले एकच काम त्या यादीत घालता आले नाही, कारण ते तपासाचे नाही. तिने गाडीत काय म्हटले, हे न्यायालय विचारणार नाही. त्यावर शिक्षा ठरत नाही. ते ऐकलेला माणूस जगात एकच आहे. तो माझ्या घरापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर राहतो, सकाळी फिरायला जातो, समोर आला की रस्ता ओलांडतो. मी खटल्यातला साक्षीदार आहे, माझी साक्ष व्हायची आहे, त्यामुळे त्याच्याशी एक अक्षर बोलता येत नाही.

मागच्या आठवड्यात तो नवरा कर्जतच्या बाजारात भेटला. भावजय बरोबर होती, तिच्या डोक्यावर टोपली होती. त्याने नमस्कार केला.

"इचारलंत का, सायेब?"

"अजून नाही," मी म्हणालो.